वाचकांचे प्रश्न : इंटिग्रेशनमधल्या खाचाखोचा

कॅल्क्युलसविषयी आलेल्या पत्रांत या वेळी इंटिग्रेशनवरचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. त्यांतले सारखे प्रश्न एकत्र करून, पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावाचा उल्लेख ठेवून, ते येथे घेतले आहेत. चलासाठी क्ष, स्थिरांकासाठी क आणि अतिशय लहान धन संख्येसाठी ल ही अक्षरे सर्वत्र वापरली आहेत. लॉग म्हणजे ई या पायाचा, नैसर्गिक लॉग. वर्गात इंटिग्रेशन, डेरिव्हेटिव्ह, लिमिट हेच शब्द रुळलेले असल्यामुळे उत्तरांतही तेच ठेवले आहेत.

प्रश्न : १/क्ष² या फंक्शनची किंमत कधीच ऋण नसते. तरीही −१ पासून १ पर्यंत त्याचे इंटिग्रेशन केले, तर सूत्राने उत्तर −२ येते. संपूर्ण आलेख अक्षाच्या वर असताना क्षेत्रफळ ऋण कसे? क्लासमध्ये विचारले, तर "असा प्रश्न परीक्षेत येत नाही" एवढेच उत्तर मिळाले. (बारावीची विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : परीक्षेत येवो न येवो, तुम्ही नेमके दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे. सूत्राने काय केले ते आधी पाहू. १/क्ष² चे अँटिडेरिव्हेटिव्ह, म्हणजे ज्याचे डेरिव्हेटिव्ह १/क्ष² येते ते फंक्शन, −१/क्ष आहे. त्यात वरची मर्यादा १ घातली की −१ मिळते, खालची मर्यादा −१ घातली की १ मिळतो, आणि वजाबाकी −२ येते. आकडेमोडीत कोठेही चूक नाही. चूक आहे ती ज्या प्रमेयाच्या आधारावर ही वजाबाकी आपण करतो, त्या प्रमेयाची अट न तपासण्यात. कॅल्क्युलसचे मूलभूत प्रमेय असे सांगते की, एखाद्या अंतरालावर सर्वत्र सलग असलेले फंक्शन जर त्या अंतरालाच्या प्रत्येक बिंदूवर दिलेल्या फंक्शनचे अँटिडेरिव्हेटिव्ह असेल, तर दोन टोकांच्या किमतींच्या वजाबाकीवर आपण डोळे मिटून विसंबू शकतो. येथे −१/क्ष हे फंक्शन शून्यापाशी अस्तित्वातच नाही. डाव्या बाजूने ते धन अनंताकडे जाते आणि उजव्या बाजूला ऋण अनंतातून वर येते. टोकांच्या किमतींना या मधल्या उडीची काहीच वार्ता नसते.

मग खरे उत्तर काय? बर्नहार्ट रीमान यांनी १८५४ मध्ये इंटिग्रलची जी व्याख्या मांडली, तिच्यात फंक्शन मर्यादित असणे गृहीत आहे. १/क्ष² शून्याजवळ हवे तेवढे मोठे होत असल्यामुळे त्या व्याख्येत ते बसत नाही. म्हणून शून्याभोवतीचा तुकडा कापून काढायचा आणि उरलेल्या भागाचे क्षेत्रफळ मोजत कापलेला तुकडा लहान लहान करत न्यायचा. ल पासून १ पर्यंतचे क्षेत्रफळ (१/ल) − १ भरते. ल ही संख्या १/१००० घेतली, तर ९९९, डाव्या बाजूचे तेवढेच, एकूण १९९८. ल आणखी लहान केला की हा आकडा वाढतच जातो आणि कोठेही थांबत नाही. म्हणजे या इंटिग्रलला सान्त किंमत नाही, आणि −२ तर नाहीच नाही.

यावरून "फंक्शन अनंताकडे गेले की इंटिग्रल संपला" असा निष्कर्ष मात्र काढू नका. १/√क्ष हेसुद्धा शून्यापाशी अनंताकडे जाते. पण ल पासून १ पर्यंत त्याचे क्षेत्रफळ २ − २√ल एवढे येते, ल ला १/१०००० केले तर ते १.९८ असते आणि ल शून्याकडे जाताना २ या संख्येवर स्थिरावते. फंक्शन किती उंच जाते यापेक्षा किती वेगाने उंच जाते, यावर सगळे अवलंबून आहे.

या दोहोंच्या मधोमध १/क्ष आहे, आणि माझ्या मते ते या तिघांत सर्वांत फसवे. −१ पासून १ पर्यंत डावीकडचा भाग खाली, उजवीकडचा तसाच भाग वर. म्हणून "सममितीने उत्तर शून्य" असे बहुतेक जण लिहून मोकळे होतात. दोन्ही बाजूंना सारखाच ल कापला, तर बेरीज खरोखर शून्य येते. पण डावीकडे ल आणि उजवीकडे २ल कापला, तर डावा भाग लॉग ल, उजवा भाग −लॉग २ल, आणि बेरीज −लॉग २, म्हणजे सुमारे −०.६९३ येते, ल कितीही लहान केला तरी ती बदलत नाही. कापण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलते, म्हणून या इंटिग्रलला किंमत नाही असेच म्हणावे लागते. दोन्हीकडे सारखे कापून येणाऱ्या शून्याला कॉशी प्रिन्सिपल व्हॅल्यू म्हणतात. भौतिकशास्त्रात तिचा उपयोग होतो, पण तेथे ती त्या नावानेच वापरली जाते; साधा इंटिग्रल म्हणून नव्हे.

प्रश्न : साइन क्ष गुणिले कॉस क्ष यांच्या इंटिग्रेशनचे माझे उत्तर (साइन² क्ष)/२ + क आले. पुस्तकात −(कॉस २क्ष)/४ + क दिले आहे आणि मित्राचे उत्तर −(कॉस² क्ष)/२ + क आहे. तिन्ही पद्धती बरोबर वाटतात. गुण कोणाला मिळतील? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तिघांनाही मिळायला हवेत. कॉस २क्ष म्हणजे १ − २ साइन² क्ष. हे पुस्तकातल्या उत्तरात घातले की ते (साइन² क्ष)/२ − १/४ होते. मित्राचे उत्तर त्याच रीतीने (साइन² क्ष)/२ − १/२ होते. तीन उत्तरांत फरक आहे तो केवळ स्थिरांकाचा, आणि तो क मध्ये जिरून जातो. "प्लस सी विसरू नका" असे शिक्षक वर्गात वारंवार बजावतात, ते याचसाठी. तो एक गुण वाचवण्याचा उपचार नसून, क लिहिला नाही तर ही तीन विधाने एकमेकांशी विसंगत ठरतात. आपले उत्तर पर्यायांत दिसत नसेल, तर दोन उत्तरांत क्ष च्या दोन सोयीच्या किमती घालून पाहाव्यात: फरक दोन्ही वेळा वेगळा आला, तर एक उत्तर नक्की चूक आहे, सारखा आला, तर बहुधा दोन्ही बरोबर, आणि खात्री डेरिव्हेटिव्ह घेऊनच करावी.

त्या क विषयी आणखी एक गोष्ट, जी पाठ्यपुस्तके सहसा ओलांडून जातात. १/क्ष चे इंटिग्रेशन आपण लॉग |क्ष| + क असे लिहितो. आता असे एक फंक्शन घ्या, की जे क्ष धन असताना लॉग क्ष + ५ आहे आणि क्ष ऋण असताना लॉग(−क्ष) − ३ आहे. शून्य वगळता प्रत्येक बिंदूवर त्याचे डेरिव्हेटिव्ह १/क्ष हेच येते. मात्र एकच क घेऊन ते लॉग |क्ष| + क या साच्यात बसवता येत नाही. "समान डेरिव्हेटिव्ह असलेल्या दोन फंक्शनमध्ये केवळ स्थिरांकाचा फरक असतो" हे विधान एका सलग अंतरालापुरतेच खरे आहे. शून्यापाशी अंतराल तुटला, की दोन्ही बाजूंचे स्थिरांक एकमेकांना बांधील राहत नाहीत.

प्रश्न : १/क्ष चे बाय पार्ट्सने (दोन फंक्शनांच्या गुणाकाराच्या नियमाने) इंटिग्रेशन करताना पहिले फंक्शन १/क्ष आणि दुसरे १ घेतले, तर "इंटिग्रल = १ + तोच इंटिग्रल" असे येते आणि दोन्हीकडून तो काढून टाकल्यावर ० = १ उरते. यातली चलाखी कळत नाही. (वाचक, अकोला)

उत्तर : आधीच्या उत्तराचा शेवटचा भाग वाचला असेल, तर चलाखी अर्धी उघडी पडलीच आहे. अनिश्चित इंटिग्रल ही एक संख्या नव्हे आणि एक फंक्शनही नव्हे. स्थिरांकाइतका फरक असलेल्या सर्व फंक्शनांचा तो समूह आहे. त्या समूहातल्या प्रत्येकात १ मिळवला तरी समूह तोच राहतो, म्हणून "इंटिग्रल = १ + इंटिग्रल" हे विधान अगदी खरे आहे. चूक पुढच्या पायरीत आहे: समूहातून समूह वजा केला की शून्य उरत नाही, "कोणताही स्थिरांक" उरतो. हेच गणित १ पासून २ पर्यंतच्या मर्यादा घालून करून पाहा. त्या १ च्या जागी "१ ची २ पाशी किंमत वजा १ ची १ पाशी किंमत", म्हणजे शून्य येते, आणि विरोधाभास उरतच नाही.

प्रश्न : १/(१ + कॉस² क्ष) चे ० पासून पाय पर्यंत इंटिग्रेशन करताना अंश व छेद कॉस² क्ष ने भागून टॅन क्ष = त हे सबस्टिट्यूशन मी फळ्यावर केले. क्ष = ० असताना त = ०, क्ष = पाय असतानाही त = ०, म्हणून उत्तर शून्य आले. ते चूक आहे हे मला दिसते, आणि मर्यादा दोन भागांत तोडून बरोबर उत्तरही काढता येते. पण "सबस्टिट्यूशन केव्हा चालते?" या विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला एका वाक्यात काय सांगावे? (कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : चूक दिसण्यासाठी तुम्ही कोणती खूण वापरली हे लिहिलेले नाही, पण विद्यार्थ्यांना देण्याजोगी एक सोपी खूण अशी. कॉस² क्ष शून्य आणि एक यांच्या मध्ये असतो, म्हणून दिलेले फंक्शन कायम १/२ आणि १ यांच्या मध्ये राहते, आणि पाय एवढ्या लांबीच्या अंतरालावर त्याचे क्षेत्रफळ पाय/२ आणि पाय, म्हणजे सुमारे १.५७ आणि ३.१४, यांच्या दरम्यान असलेच पाहिजे. कोणताही निश्चित इंटिग्रल सोडवण्याआधी असा अंदाज बांधून ठेवण्याची सवय लावली, तर निम्म्याहून अधिक चुका उत्तर लिहिण्याआधीच पकडल्या जातात, असे मला वाटते.

सबस्टिट्यूशननंतर १/(त² + २) उरते आणि अँटिडेरिव्हेटिव्ह (१/√२) टॅन इन्व्हर्स (टॅन क्ष/√२) येते. हे फंक्शन पाय/२ पाशी उडी घेते: त्याच्या आधी ते पाय/(२√२) पर्यंत चढते आणि त्याच्या नंतर एकदम −पाय/(२√२) पासून सुरू होते. म्हणजे पहिल्या प्रश्नातली −२ ची गोष्टच येथे वेष पालटून आली आहे; फरक इतकाच, की तेथे मूळ फंक्शनच बिघडलेले होते, येथे मूळ फंक्शन पाय/२ पाशीही अगदी निरोगी आहे आणि बिघाड आपण निवडलेल्या सबस्टिट्यूशनने आत आणला आहे. ० पासून पाय/२ पर्यंतचे क्षेत्रफळ काढून दुप्पट केले, की उत्तर पाय/√२, म्हणजे सुमारे २.२२, येते आणि ते वरच्या अंदाजात नीट बसते. दुसरा मार्ग असा, की पाय/२ च्या पुढच्या भागात त्या फंक्शनमध्ये पाय/√२ मिळवायचे. त्यामुळे उडी बुजते, फंक्शन सलग होते आणि टोकांची वजाबाकी पुन्हा वापरता येते. सूत्ररूपाने इंटिग्रेशन करून देणाऱ्या संगणकीय प्रणालीही काही वेळा असे तुटलेले अँटिडेरिव्हेटिव्ह हाती ठेवतात, त्यामुळे संगणकाचे उत्तर आले तरी उडी पाहण्याचे काम आपल्याकडेच राहते.

आता तुमचा मूळ प्रश्न. पुष्कळ पुस्तकांत "सबस्टिट्यूशन एकास एक असले पाहिजे" असे लिहिलेले असते आणि विद्यार्थी तेच घोकतात; प्रत्यक्षात ते नेहमी आवश्यक नसते. इंटिग्रलमध्ये २क्ष हा गुणक आधीच हजर असेल आणि उरलेला भाग क्ष² चे सलग फंक्शन असेल, तर −१ पासून २ पर्यंतही क्ष² = त हे बेधडक चालते. मर्यादा १ पासून ४ होतात, त मधेच शून्यापर्यंत खाली जाऊन परत येतो, आणि जाण्यायेण्याचा तो हिशेब आपोआप फिटतो. घोटाळा होतो तो उलट दिशेने जाताना. नुसत्या क्ष² चे −१ पासून १ पर्यंत इंटिग्रेशन करताना कोणी क्ष² = त घेतले, तर क्ष = √त लिहून डीएक्सच्या जागी काहीतरी आणावे लागते, मर्यादा दोन्ही १ होतात आणि उत्तर शून्य येते; खरे उत्तर २/३ आहे. −१ पासून ० पर्यंत क्ष = −√त असतो, हे तेथे विसरले गेले. म्हणून एका वाक्यात सांगायचे, तर असे सांगावे: नवे चल हे जुन्या चलाचे संपूर्ण अंतरालावर सलग आणि सलग डेरिव्हेटिव्ह असलेले फंक्शन असावे, आणि जुने चल नव्याच्या भाषेत उलटवून लिहावे लागत असेल, तर जेवढ्या भागात ते एकाच रीतीने उलटवता येते तेवढे भाग आधी वेगळे करावेत. टॅन क्ष पहिल्याच अटीत नापास होते, √त दुसऱ्या अटीत.

प्रश्न : बाय पार्ट्ससाठी "आयलेट" आणि निश्चित इंटिग्रलसाठी "किंग" हे दोन नियम पाठ केले, तर सीईटीपुरते भागते का? (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : या दोघांची पंगत एक नाही. किंग म्हणजे ० पासून अ पर्यंतच्या इंटिग्रलमध्ये क्ष च्या जागी अ − क्ष घातला तरी किंमत तीच राहते, हे प्रमेय आहे. आलेख आरशात पाहिला म्हणून क्षेत्रफळ बदलत नाही. √साइन क्ष भागिले (√साइन क्ष + √कॉस क्ष) यांचे ० पासून पाय/२ पर्यंतचे उत्तर त्याने दोन ओळींत पाय/४ येते, कारण मूळ रूप आणि उलटलेले रूप यांची बेरीज १ आहे.

आयलेट, म्हणजे इन्व्हर्स, लॉग, बैजिक, त्रिकोणमितीय, घातांकी या क्रमात जे आधी येते ते पहिले फंक्शन घ्यावे, हा मात्र केवळ ठोकताळा आहे, आणि तो कोठे तोंडघशी पडतो ते पाहण्यासाठी क्ष³ गुणिले ई चा क्ष² वा घात हे उदाहरण घ्या. नियम म्हणतो की बैजिक पद म्हणून क्ष³ पहिले घ्या आणि घातांकी पदाचे इंटिग्रेशन करा. पण ई च्या क्ष² व्या घाताचे इंटिग्रेशन नेहमीच्या फंक्शनांत होतच नाही. येथे क्ष² पहिले आणि क्ष गुणिले ई चा क्ष² वा घात दुसरे अशी फोड करावी लागते, आणि उत्तर (क्ष² − १) गुणिले ई चा क्ष² वा घात भागिले २, अधिक क, असे येते. ज्याचे इंटिग्रेशन आपल्याला खरोखर करता येते ते दुसरे घ्यावे, हा विचार आयलेटच्या आधी यायला हवा.

प्रश्न : ई चा −क्ष² वा घात या फंक्शनचे इंटिग्रेशन "होत नाही" असे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात सांगितले गेले, आणि पुढे संख्याशास्त्रात त्याच इंटिग्रलची कोष्टके वापरायला दिली. जे होत नाही त्याचे कोष्टक कसे होते? (अभियंता, ठाणे)

उत्तर : "होत नाही" या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या जातात. हे फंक्शन सर्वत्र सलग आहे, त्याच्याखाली क्षेत्रफळ आहे, आणि ते क्षेत्रफळ हव्या तेवढ्या दशांश स्थळांपर्यंत काढता येते. त्या अर्थाने इंटिग्रेशन पूर्णपणे होते. होत नाही ते एवढेच, की त्याचे अँटिडेरिव्हेटिव्ह घात, मूळ, साइन-कॉस, त्यांची उलट फंक्शन, लॉग आणि घातांक यांच्या सान्त जोडणीतून लिहिता येत नाही. आजवर कोणाला जमले नाही अशातला हा भाग नाही. ते कधीच जमणार नाही, हे सिद्ध झालेले आहे. फ्रेंच गणिती जोसेफ ल्यूव्हील यांनी १८३० च्या दशकात या प्रकारच्या सिद्धतांचा पाया घातला, आणि एखाद्या फंक्शनचे अँटिडेरिव्हेटिव्ह असे लिहिता येते की नाही हे ठरवण्याची पद्धत रॉबर्ट रिश यांनी १९६९ मध्ये मांडली.

ल्यूव्हील यांच्या प्रमेयातून या विशिष्ट फंक्शनबद्दल जे हाती लागते, ते बारावीच्या तयारीवरही समजते. प्रमेय सांगते, की असे अँटिडेरिव्हेटिव्ह असलेच, तर ते प गुणिले ई चा −क्ष² वा घात याच रूपाचे असेल, आणि प हे दोन बहुपदींचे गुणोत्तर असेल. याचे डेरिव्हेटिव्ह घेऊन घातांकी भाग दोन्हीकडून काढून टाकला, की अट उरते ती अशी: प चे डेरिव्हेटिव्ह वजा २क्ष गुणिले प, बरोबर १. समजा, प च्या छेदात (क्ष − अ) चा एखादा घात आहे, मग अ वास्तव असो की संमिश्र. डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर छेदातला तो घात एकाने वाढतो, तर दुसऱ्या पदात तो वाढत नाही; त्यामुळे तो कशानेच कापला जात नाही आणि उत्तर १ येणे अशक्य होते. म्हणजे छेद नाहीच, प ही साधी बहुपदी असली पाहिजे. आणि प ही शून्याव्यतिरिक्त कोणतीही बहुपदी घेतली, तरी २क्ष ने गुणल्यावर तिची कोटी एकाने वाढते, डेरिव्हेटिव्हची मात्र वाढत नाही. सर्वांत वरचे पद उरतेच आणि उत्तर पुन्हा १ होत नाही. म्हणून असा प अस्तित्वात नाही. उजव्या बाजूला १ ऐवजी क्ष असता, तर प = −१/२ घेऊन काम तत्काळ झाले असते; म्हणूनच क्ष गुणिले ई चा −क्ष² वा घात हे गणित पहिल्या पानावर असते आणि एक क्ष कमी केला की ते पुस्तकातून गायब होते.

सबंध रेषेवरचे क्षेत्रफळ मात्र अचूक निघते, आणि तेही अँटिडेरिव्हेटिव्हशिवाय. त्या क्षेत्रफळाचा वर्ग म्हणजे ई चा −(क्ष² + य²) वा घात या पृष्ठाखालचे घनफळ. ते केंद्राभोवतीच्या र त्रिज्येच्या वर्तुळाकार पट्ट्यांनी मोजले, तर प्रत्येक पट्टीच्या परिघामुळे २ × पाय × र असा गुणक आत येतो, हवा असलेला तो जास्तीचा र फुकट मिळतो आणि घनफळ पाय भरते. म्हणून मूळ क्षेत्रफळ √पाय, म्हणजे सुमारे १.७७२५. तुमच्या कोष्टकांत असते ते यातले तुकड्यातुकड्याचे क्षेत्रफळ, संख्यात्मक रीतीने काढलेले: सरासरीपासून एका प्रमाण विचलनाच्या आत ६८.२७ टक्के, हा त्यातलाच आकडा. साइन क्ष भागिले क्ष यांचेही असेच आहे. अँटिडेरिव्हेटिव्ह सूत्रात बसत नाही, पण ० पासून अनंतापर्यंतची किंमत नेमकी पाय/२ आहे.

प्रश्न : आम्ही आयुष्यभर मुलांना पाय म्हणजे २२/७ असे शिकवले. २२/७ ही किंमत खऱ्या पायपेक्षा किंचित मोठी आहे, हे दशांश न मोजता दाखवता येते का? (निवृत्त शिक्षक, मडगाव)

उत्तर : येते, आणि ते दाखवणारा इंटिग्रल माझ्या विशेष आवडीचा आहे. क्ष⁴ (१ − क्ष)⁴ भागिले (१ + क्ष²) हे फंक्शन घ्या आणि ० पासून १ पर्यंत त्याचे इंटिग्रेशन करा. अंशाला छेदाने भागले, तर क्ष⁶ − ४क्ष⁵ + ५क्ष⁴ − ४क्ष² + ४ आणि शेवटी −४/(१ + क्ष²) असे उरते. पदशः इंटिग्रेशन केले, की १/७ − २/३ + १ − ४/३ + ४ मिळतात, त्यांची बेरीज २२/७ होते. शेवटच्या पदातून चार वेळा टॅन इन्व्हर्स १, म्हणजे पाय, वजा होतो. एकूण उत्तर २२/७ − पाय. आणि ज्या फंक्शनचे आपण इंटिग्रेशन केले ते ० आणि १ यांच्या मध्ये सर्वत्र धन आहे. म्हणून २२/७ पायपेक्षा मोठा. येथे छेद कोठेही शून्य होत नाही, टॅन इन्व्हर्स सलग आहे आणि अंतराल तुटत नाही, त्यामुळे पहिल्या पत्रातल्या −२ सारखा धोका नाही.

हा इंटिग्रल डाल्झेल यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला आणि १९६८ च्या पुटनम या अमेरिका-कॅनडातल्या महाविद्यालयीन गणित स्पर्धेत तो प्रश्न म्हणून आला. त्याच्यातून आणखीही काही पिळून काढता येते. ० ते १ या अंतरालावर छेद १ आणि २ यांच्या मध्ये असतो, आणि नुसत्या क्ष⁴ (१ − क्ष)⁴ चे इंटिग्रेशन १/६३० येते. त्यामुळे २२/७ आणि पाय यांतला फरक १/१२६० पेक्षा जास्त आणि १/६३० पेक्षा कमी आहे. २२/७ मधून हे दोन अपूर्णांक वजा केले, की पाय ३.१४१२ आणि ३.१४२१ यांच्या दरम्यान सापडतो, आणि त्यासाठी एकही वर्तुळ काढावे लागत नाही. ३५५/११३ हा अपूर्णांकही पायपेक्षा किंचित मोठा आहे हे दाखवणारे याच धर्तीचे इंटिग्रल आहेत, पण त्यांतले घात आणि गुणक इतके बोजड आहेत, की ते वर्गात फळ्यावर नेण्याचा आग्रह मी धरणार नाही.